लोकांच्या बाजूचा माइक

मित्रांनो, मी नगरपालिकेच्या सभागृहातला एक जुना माइक आहे. सदस्यांच्या टेबलांवर असतात त्यांपैकी मी नव्हे. सभागृहाच्या मधोमध एक लाकडी कठडा आहे. कठड्याच्या पलीकडे सदस्य आणि अधिकारी बसतात, अलीकडे शहरातले लोक बसतात. मी अलीकडे होतो, एका उंच दांडीवर. मला सगळे 'लोकांचा माइक' म्हणत. आज मी तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर पडून आहे. माझी जाळी चेपली आहे आणि तार कापलेली आहे. तरी माझ्यातून काय काय गेलं ते मला स्वच्छ आठवतं. तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या आत एक पातळ पडदा आहे. माणूस बोलला की तो थरथरतो. हा पडदा बसवणारी बाई काम करताना श्वासही जपून घेई. पडदा बसला की ती मला तोंडाशी धरून शेजारणीशी राहिलेलं भांडण पुरं करी. मुकादम म्हणे, "अहो, नुसतं हॅलो हॅलो म्हणा की!" ती म्हणे, "हॅलोत काय आहे? रागावलेलं माणूस नीट ऐकू येतंय का, ते बघायला नको?" अशा रीतीने मी पास झालो.

सभागृह नवीन बांधलं तेव्हा मला तिथे आणण्यात आलं. तेव्हाच्या नगराध्यक्ष पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे बाईच म्हणत. बाईंनी एक प्रथा पाडली. सभेचं कामकाज संपलं की शेवटचा तास लोकांचा. कुणीही यावं, माझ्या मानेवरचं बटण स्वतः दाबावं आणि प्रश्न विचारावा. ज्याच्याकडे ते काम असेल त्याने पलीकडे उभं राहायचं, आधी आपलं नाव आणि हुद्दा सांगायचा, मग उत्तर द्यायचं. "शाळेत पोरंसुद्धा उभं राहून उत्तर देतात," बाई अधिकाऱ्यांना म्हणत, "तुम्हाला काय पाय नाहीत?"

ते माझे सुखाचे दिवस होते. एकदा एका न्हाव्याने तक्रार केली की त्याच्या दुकानासमोरचा दिवा रात्री बंद आणि दिवसा चालू असतो. दिवाबत्तीचे अधिकारी म्हणाले, "म्हणजे दिवा चांगला आहे." सगळं सभागृह हसलं, पण दुसऱ्या दिवशी दिवा सुधारला. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी माझी मान धरली आणि घाबरून "मी... मी..." एवढंच म्हणून परत गेले. पुढच्या सभेला ते पुन्हा आले आणि सगळं बोलले. लोक मला पुसत. कठड्याजवळ बसणारा एक शिपाई तर सभेआधी मला आपल्या रुमालाने पुसून ठेवी, जणू मी त्याच्या घरातला कुणी आहे.

एक गोष्ट मात्र राहून गेली. बाईंनी ही प्रथा नियमांच्या पुस्तकात कधी लिहवून घेतली नाही. कुणीतरी सुचवलंही होतं. बाई म्हणाल्या, "चांगली सवय लागली की लागली. ती लिहायची काय?" बाई मनाने चांगल्या होत्या. आपल्यानंतर येणारेही तसेच असतील असं त्या धरून चालल्या.

बाई गेल्या. आणखी एक-दोघे आले आणि गेले. मग जे अध्यक्ष झाले त्यांना सगळे भाऊ म्हणत. मित्रांनो, भाऊंना तुम्ही दुष्ट समजू नका. त्यांचं बोलणं गोड होतं. कुणाच्याही दुःखात ते आधी पोहोचत. लोकांचा तास त्यांनी बंद केला नाही. फक्त एका सकाळी पक्कड घेऊन एक वायरमन आला आणि त्याने माझ्या मानेवरचं बटण काढलं. शिपायाने विचारलं, "अरे, हे काय करतोस?" वायरमन म्हणाला, "बटण आता भाऊंच्या टेबलावर. एका वेळी दोघे बोलतात, गोंधळ होतो म्हणे." माझ्या बुडाशी एक लाल दिवा बसवला गेला. तो लागला की माझ्यात जीव येई, विझला की मी नुसती दांडी.

पण खरं सांगायचं तर बटणाची गरज भाऊंना फारशी पडलीच नाही. कुणी प्रश्न विचारायला उभं राहिलं की भाऊ हसून म्हणत, "अहो, एवढ्यासाठी सभेत कशाला? उद्या घरी या ना, चहा पिऊ, काम झालं म्हणून समजा." आणि काम होई! पाणी येई, दाखला मिळे, नाली साफ होई. ज्याचं काम झालं तो भाऊंचे पाय धरी. हळूहळू माझ्यासमोर उभं राहणारी माणसं कमी झाली. भाऊंच्या ओसरीवर मात्र गर्दी वाढली. जे कठड्याशी ताठ उभे राहत, तेच ओसरीवर हात जोडून बसू लागले. काम तेच, माणसं तीच. काय बदललं ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

अशाच एका सभेला काकू आल्या.

काकू बाजाराच्या मागे खानावळ चालवत. आमचा शिपाई त्यांच्याकडेच जेवायचा. घरात त्या, मुलगा आणि सून. सून छापखान्यात बांधणीचं काम करायची. काकूंचा आवाज खानावळीत भल्याभल्यांना गप्प करी, असं शिपाई सांगे. पण त्या दिवशी त्या माझ्याजवळ आल्या तेव्हा माझा पडदा हलेल की नाही इतका तो आवाज खाली होता.

"माझी सून नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात होती," काकू म्हणाल्या. "दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ अडलंय, आत्ताच्या आत्ता वर न्या. ऑपरेशनची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला पाटी लावलेली, 'दुरुस्ती चालू आहे.' स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. म्हणून तिला खुर्चीवर बसवलं. दवाखान्यातल्या दोन आया, माझा मुलगा आणि मी, चौघांनी उचललं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची जिन्याच्या कठड्यात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. सून म्हणाली, 'आई, मला खाली ठेवा. मी चालते.'"

काकूंनी पदर खांद्यावर सारखा केला. 

"ती चालली. उरलेला जिना ती चालून चढली. ती वाचली. बाळ नाही राहिलं."

मग त्यांनी डोळे पुसले आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "दुरुस्ती चालू होती म्हणता, तर पाटीवर कोळ्याचं जाळं कसं? मला दुसरं काही नको. फक्त एवढं सांगा, ती लिफ्ट कुणाकडे होती?"

आरोग्य अधिकारी उभे राहिले. त्यांनी नाव सांगितलं नाही. ती पद्धत केव्हाच मोडली होती. ते म्हणाले, दवाखाना आमचा, पण इमारत बांधकाम विभागाची. बांधकाम विभागाचे प्रमुख म्हणाले, इमारत आमची, पण लिफ्टची देखभाल कंत्राटदाराची. कंत्राटदाराचा करार केव्हाच संपलेला. नवा करार समितीने मंजूर करायचा. समितीचे सभापती म्हणाले, "आमच्यापुढे प्रस्ताव आलाच नाही, तर मंजूर काय करणार?" प्रश्न एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर टोलवला जात होता आणि काकूंची मान त्याच्यामागे फिरत होती. मागच्या रांगेत बांधकाम विभागाचे एक उपअभियंता बसले होते. ते चष्मा काढून पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

शेवटी भाऊ बोलले. "काकू, आम्हा सगळ्यांना दुःख आहे. ही आपली सगळ्यांचीच जबाबदारी आहे."

"सगळ्यांची म्हणजे कुणाची?" काकू म्हणाल्या. "माझ्याकडे भाजी करपली तर मी 'सगळ्यांनी करपवली' म्हणते का? शेगडीपाशी कोण होतं ते विचारते. तुम्ही—"

लाल दिवा विझला.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझी जी लाज वाटली ती कशी सांगू? काकूंचे ओठ माझ्या जाळीपाशी हलत होते, त्यांचा श्वास मला लागत होता, आणि माझ्यातून काहीच पलीकडे जात नव्हतं. पण काकू थांबल्या नाहीत. त्या बोलतच राहिल्या. मागच्या बाकांवरून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाल्या?" पुढच्या बाकावरचा माणूस वळून म्हणाला, "म्हणतात, शेगडीपाशी कोण होतं?" त्याच्या मागच्याने ते त्याच्या मागे सांगितलं. दारात उभ्या असलेल्यांनी जिन्यावरच्यांना सांगितलं. काकूंचं एकेक वाक्य असं हातोहात बाहेर रस्त्यापर्यंत गेलं. भाऊंनी सभा संपल्याचं सांगितलं तरी लोक उठले नाहीत. शेवटी चौकशी समिती नेमतो, असं भाऊंना म्हणावं लागलं.

समितीचं काम बराच काळ भिजत पडलं. मग एका सभेत अहवाल वाचून दाखवला गेला. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं, 'व्यवस्थेतील त्रुटींमुळे ही दुर्दैवी घटना घडली असून, कोणत्याही एका व्यक्तीस जबाबदार धरता येत नाही.' सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा लाल दिवा त्या दिवशी लागला नाही.

आणि निवडणूक जवळ आल्यावर लिफ्ट आली! नवी कोरी, आरसा असलेली. उद्घाटनाच्या पत्रिका सून काम करायची त्याच छापखान्यात छापल्या. गठ्ठे तिनेच बांधले. भाऊ स्वतः खानावळीत गेले. पुढचं मी पाहिलेलं नाही, शिपायाकडून ऐकलेलं सांगतो. भाऊ म्हणाले, "काकू, फीत तुम्हीच कापायची. तुमच्यामुळेच लिफ्ट आली."

काकू म्हणाल्या, "आली ते चांगलं झालं. दुसऱ्या कुणाच्या लेकीला आता तो जिना चढायला लागणार नाही. पण भाऊ, लिफ्ट कधी येणार, असं मी विचारलं नव्हतं."

भाऊ हसले. जाता जाता त्यांनी काकूंच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. महिन्याभरात मुलगा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात कायम नोकरीला लागला. त्याला ती नोकरी कित्येक वर्षं हवी होती.

निवडणुकीत भाऊ पूर्वीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. मला हे सांगायला जड जातं, पण खोटं मत एकही पडलं नाही. लोकांनी मतं मनापासून दिली. ते तरी काय चुकीचं म्हणत होते? लिफ्ट चालू होती. काकू मात्र प्रत्येक सभेला येऊन तोच प्रश्न विचारत, आणि आता बाकांवरचे लोकच कुरकुर करत. "मिळाली ना लिफ्ट? आता काय भाऊंना फासावर द्यायचं?" ज्या बाकांनी त्यांचे शब्द रस्त्यापर्यंत पोहोचवले होते, तेच बाक आता "बसा, काकू, बसा" म्हणू लागले. घरी मुलगा विनवी, "आई, पाण्यात राहून माशाशी वैर नको गं. आता मी त्यांच्या पाण्यात आहे." एका सभेला काकू आल्या नाहीत. पुढच्याही सभेला आल्या नाहीत. मला वाटलं, संपलं.

त्यानंतरच्या सभेला सून आली.

मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. किरकोळ अंगाची, बोटांना डिंक लागलेला. ती कामावरून थेट आली असावी. तिने मला थोडं खाली ओढलं आणि म्हणाली, "सासूबाईंची तब्येत बरी नाही. त्यांचा प्रश्न विचारायला मी आले आहे. तसा तो माझाच आहे. ती लिफ्ट कुणाकडे होती?"

भाऊंचा चेहरा पडला, पण आवाज गोडच होता. "ताई, तुमच्या घरासाठी आम्ही काय कमी केलं? नोकरी दिली की नाही?"

"नोकरी माझ्या नवऱ्याला दिलीत," सून म्हणाली. "उत्तर कुणाला दिलंत?"

 मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मागच्या रांगेतले ते उपअभियंता उठले होते. त्यांच्या टेबलावर माइक होता, पण ते त्यात बोलले नाहीत. ते कठड्याचं दार उघडून अलीकडे आले आणि सुनेच्या शेजारी, माझ्यासमोर उभे राहिले. आधी त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग हुद्दा सांगितला. कित्येक वर्षांनी मी हे ऐकत होतो.

"लिफ्ट माझ्याकडे होती," ते म्हणाले. "करार संपला तेव्हा नवा प्रस्ताव मांडणं माझं काम. मी तो तयार केला होता. मला सांगण्यात आलं, थांबा, कंत्राटदार दुसरा आणायचा आहे. मी थांबलो. पुन्हा विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पाटी मीच लावायला सांगितली. बाई, तुम्ही तो जिना चढत होता तेव्हा मी दोन रस्ते पलीकडे माझ्या खुर्चीत बसलो होतो."

सुनेने माझी दांडी घट्ट धरली होती.  तिने हळूच विचारलं, "तुम्हाला 'थांबा' कुणी सांगितलं?"

उपअभियंत्यांनी तोंड उघडलं. लाल दिवा विझला. काकू दिवा विझल्यावरही बोलल्या होत्या. पण या माणसाची सगळी नोकरी दिवा विझला की गप्प बसण्यात गेली होती. त्यांनी एकदा पलीकडे भाऊंच्या उंच खुर्चीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ते निलंबित झाले. भाऊंनी जाहीर केलं, दोषी सापडला, कारवाई झाली, आता विषय संपला. लोकांनाही बरं वाटलं. 'व्यवस्थेतील त्रुटी' म्हणणारे सगळे आपापल्या खुर्चीत राहिले. ज्याने 'माझ्याकडे होती' म्हटलं तेवढा एक घरी गेला. पलीकडच्या प्रत्येक अधिकाऱ्याने त्यातून काय धडा घ्यायचा तो घेतला. त्यानंतर कठड्याचं दार उघडून कुणीही अलीकडे आलं नाही.

पुढच्या सभेपासून लोकांचा तास वेळेअभावी बंद करण्यात आला. ठराव झाला नाही, मतदान झालं नाही. विरोधातल्या एका सदस्याने नियमाचं पुस्तक चाळून पाहिलं. त्यात असा तास कुठे नव्हताच. जे कधी लिहिलंच नव्हतं ते खोडायची गरज काय? वायरमनने माझी तार कापली आणि शिपायाने मला छातीशी धरून खाली आणलं.

आता माझ्या खोलीच्या खिडकीशी दुपारी तो शिपाई आणि भांडारपाल बोलत बसतात. त्यांच्याकडून मला बाहेरचं कळतं. सून आणि नवरा वर्षभर एकमेकांशी नीट बोलत नव्हते, आता बोलतात. त्याने नोकरी सोडली नाही आणि तिने ती सोडायला सांगितलं नाही. निलंबित उपअभियंत्यांना शेजारीपाजारी टाळत. जुने सहकारी रस्ता ओलांडून पलीकडून जात. बायको आधीच वारलेली, मुलं दूरगावी. घरी ते एकटेच. एके दिवशी काकूंनी शिपायाच्या हाती निरोप पाठवला, "जेवायला ये म्हणावं."

ते आले. मान वर न करता जेवले. मग रोज येऊ लागले. खानावळीतल्या लोकांना हे आवडलं नाही. एकाने विचारलंच, "काकू, याला माफ केलंत?" काकू म्हणाल्या, "नाही. वाढतेय. माफी वेगळी, वाढणं वेगळं." सून कधी कधी त्यांना पाणी देते. त्यांच्याशी बोलत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनीच काकूंना विचारलं म्हणे, "मला वाढताना तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की," काकू म्हणाल्या. "म्हणून तर पोटभर वाढते. तू खचून मेलास तर माझं काय राहिलं? अर्धं उत्तर दिलंयस तू. अजून एक नाव सांगायचंय तुला. तोवर नीट जेव."

त्यांनी हातातला घास खाल्ला. मग, शिपाई सांगतो, ते म्हणाले, "सांगेन." कुठे सांगणार, कुणापुढे सांगणार, ते त्यांनाही ठाऊक नसेल. सभागृहात आता तशी जागा राहिलेली नाही.

मित्रांनो, मला पुसून पुन्हा दांडीवर लावा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखे माइक दुकानात पुष्कळ मिळतात. प्रश्न विचारायला शिका, असं तुम्हाला शाळेत सांगतात, ते शिकाच. पण एवढी एक गोष्ट माझीही ऐका. उद्या तुमच्यासमोर कुणी उभं राहून म्हणेल, "हे माझ्याकडे होतं, माझ्याकडून राहिलं." तेव्हा त्याला शिक्षा करायची असेल तर करा, पण त्याला एकटं पाडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला पाणी द्या, आणि मग विचारा, "आणखी कोण?"